स्टोमाभोवतीची कातडी

इलिओस्टोमी म्हणजे लहान आतड्याचे पोटावर काढलेले तोंड, म्हणजेच स्टोमा. त्याभोवतीची कातडी सोलवटते ती बहुतेक वेळा गळतीने. लहान आतड्यातून दिवसाला साधारण ५०० ते ८०० मिलिलिटर पातळ मळ येतो. त्यातली स्वादुपिंडाची विकरे फ्लँजखाली, म्हणजे पिशवीच्या कातडीला चिकटणाऱ्या चकतीखाली, शिरली की कातडीच पचवू लागतात. ब्रायन ब्रूक यांनी १९५२ मध्ये आतड्याचे टोक उलटवून शिवण्याची रीत मांडली. त्यामुळे स्टोमाला चोच आली आणि मळ थेट पिशवीत पडू लागला. ही चोच दोन-अडीच सेंटिमीटर हवी. स्टोमाची जागाही शस्त्रक्रियेआधीच, रुग्णाला उभे करून, बसवून, वाकवून ठरवावी. धोतराची गाठ किंवा साडीच्या निऱ्या येतात तिथे फ्लँज टिकत नाही.

दुसरे कारण साधे आहे, म्हणूनच नजरेतून सुटते. सुटी होताना फ्लँजच्या भोकासाठी, समजा, ३८ मिलिमीटरचा साचा कापून दिलेला असतो. सहा-आठ आठवड्यांत सूज ओसरून स्टोमा ३० वर येतो, साचा मात्र तोच राहतो. भोवती ४ मिलिमीटरची कातडी रात्रंदिवस मळात भिजते. काढलेली फ्लँज फेकण्याआधी उलटी करून पाहावी. गळती कोणत्या बाजूने झाली ते तिथेच दिसते.

विदर्भातल्या मोर्शीकडे यात उन्हाची भर पडते. मे महिन्यात संत्र्याच्या बागेत ओलीत करणारा घामाने निथळतो, फ्लँजची कड सुटते आणि कॅन्डिडा ही बुरशी वाढते: लाल चट्टा, कडेला सुटे बारीक पुरळ. इथे बुरशीनाशक पावडर हवी. तेलकट मलमावर किंवा खोबरेलावर पुढची पिशवी चिकटत नाही. क्लीव्हलँडच्या रूपर्ट टर्नबुल यांनी १९५० च्या दशकात कातडीच्या रक्षणासाठी कराया डिंक वापरला. तो डिंक देणारा पांढऱ्या खोडाचा कांडोळ मोर्शीच्या पश्चिमेला, मेळघाटात उभा आहे.

आतड्याच्या दाहात मात्र प्रत्येक व्रण गळतीचा नसतो. जांभळट, आतून पोखरलेली कड आणि व्रणाच्या मानाने फार मोठी वेदना दिसली तर पायोडर्मा गँग्रिनोसम मनात आणावा. १९५८ मध्ये टर्नबुल यांच्याकडे पहिल्या स्टोमा थेरपिस्ट झालेल्या नॉर्मा गिल यांनी कोलायटिससोबत हाच आजार भोगला होता. असा व्रण खरवडू नये. इजेने तो पसरतो. स्थानिक स्टिरॉइड किंवा टॅक्रोलिमसने सुरुवात करावी, न जमल्यास इन्फ्लिक्सिमॅब. पण त्याआधी क्षयरोग नाही याची खात्री हवी, कारण आपल्याकडे आतड्याचा क्षय आणि क्रोन हा आतड्याच्या दाहाचा आजार यांची गल्लत नेहमीची आहे. स्टोमाच्या कडेलाच भोक पडून मळ येत असेल, तर क्रोन परतला आहे का हे स्टोमातून दुर्बीण घालून पाहावे लागते.