आली रजनी!

परवा बँकेत गेले होते. पासबुक भरून घ्यायचं होतं. माझ्या पुढे एक पंचविशीतली मुलगी उभी होती. तिच्या खात्यातून कसले तरी पैसे परस्पर कापले गेले होते आणि ते का कापले, एवढंच ती विचारत होती. आवाज चढलेला नव्हता, पण उत्तर मिळेपर्यंत ती हलणार नाही हे दिसत होतं. रांग लांबली. मागून माझ्याच वयाचे एक गृहस्थ म्हणाले, "आली रजनी!" आम्ही दोघं-तिघं म्हातारे हसलो. ती मुलगी मागे वळून म्हणाली, "काका, माझं नाव रजनी नाहीये."

तिला काही कळलं नव्हतं. कळणार तरी कसं? ती जन्माला यायच्या आधीच ती मालिका संपून गेली होती. पण मी मात्र घरी येईपर्यंत अस्वस्थ होते. त्या काकांनी वापरलेलं नाव मी पूर्वी अशाच सुरात एकदा ऐकलं होतं आणि तेव्हाही हसले होते. त्याबद्दल पुढे सांगते. आधी प्रिया तेंडुलकरबद्दल थोडं.

आमच्या घरातल्या नातवंडांसाठी सांगायचं तर १९८५ साली टीव्ही म्हणजे फक्त दूरदर्शन. बासू चटर्जींनी केलेली 'रजनी' ही हिंदी मालिका रविवारी लागायची. रजनी ही एक साधी गृहिणी. साडी, कपाळावर टिकली, नवरा, घर. कुठल्या पक्षात नाही, वकील नाही, पोलीस तर नाहीच. पण गॅसवाल्याने जास्त पैसे मागितले, टॅक्सीवाल्याने येणार नाही म्हटलं, सरकारी कचेरीत कोणी टोलवाटोलवी केली, की ती "असं का?" म्हणून विचारायची आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहायची. टॅक्सीवाल्यांवरच्या भागानंतर तर खऱ्याखुऱ्या टॅक्सीवाल्यांनी मुंबईत मोर्चा काढला होता. एका मालिकेतल्या बाईविरुद्ध मोर्चा! आज हे ऐकून हसू येईल, पण तेव्हा तिची एवढी धास्ती होती खरी.

प्रिया माझ्याहून तीन-चार वर्षांनी लहान. जन्म १९५४चा. विजय तेंडुलकरांची मुलगी, म्हणून आम्हा मराठी माणसांना तिचं जरा जास्तच कौतुक. पण ती काही अचानक आभाळातून पडलेली नव्हती. कोवळ्या वयात गिरीश कार्नाडांच्या 'हयवदन' नाटकात तिने बाहुलीचं काम केलं होतं. पुढे १९७४ साली श्याम बेनेगलांच्या 'अंकुर'मध्ये ती जमीनदाराच्या मुलाची, म्हणजे अनंत नागची, बायको झाली. तो चित्रपट शबाना आझमीचा. आपल्याला आठवते ती लक्ष्मीच. पण उशिरा सासरी आलेली ती कोवळी बायको आठवून पाहा. घरात पाऊल टाकल्यावर थोड्याच वेळात तिला सगळं कळतं, आणि मग ज्याचा अपराध आहे त्या नवऱ्याला सोडून ती त्या गरीब बाईला घराबाहेर काढते. एवढं छोटं काम, पण किती खरं! अन्याय दिसला की आपल्यापैकी बहुतेक जण कुठल्या बाजूला जाऊन उभे राहतात, ते त्यात आहे.

अकरा वर्षांनी हीच मुलगी रजनी झाली. मधल्या काळात तिने हॉटेलात रिसेप्शनिस्टची नोकरी केली, 'गोंधळात गोंधळ', 'थोरली जाऊ' असे मराठी चित्रपट केले. पण 'रजनी'नंतर हे सगळं जणू पुसलंच गेलं. लोकांना ती भेटली की ते तक्रारी सांगायला लागत. कुणाचा नळ, कुणाचं रेशनकार्ड, कुणाचा टेलिफोन. भाजी आणायला गेलेल्या नटीने सगळ्या गावाची गाऱ्हाणी ऐकायची!

आता मला जे म्हणायचं आहे ते इथे आहे. आपण असं म्हणतो की रजनीने आपल्याला जागं केलं. मला तसं वाटत नाही. आपण रजनीला आपलं काम देऊन टाकलं आणि मोकळे झालो. रविवारी अर्धा तास ती भांडायची, जिंकायची, आणि आपल्याला वाटायचं की आपणच भांडलो. सोमवारी पुन्हा गॅसवाल्याच्या हातावर वरचे दोन रुपये टेकवायला आपण तयार. खरं काम करणारी माणसं तेव्हाही होती. पुण्यात बिंदुमाधव जोशींनी १९७४ सालीच ग्राहक पंचायत सुरू केली होती. ग्राहक संरक्षण कायदा १९८६च्या डिसेंबरात आला तो अशा अनेक वर्षांच्या खटपटीनंतर. पण किती जणांनी पंचायतीचं नाव घेतलं आणि किती जणांनी रजनीचं?

आणि हीच रजनी जेव्हा पडद्यावरून उतरून आपल्या दारात आली, तेव्हा आपण काय केलं? तिच्या नावाची शिवी केली. सासूशी वाद घालणारी सून, वाण्याकडे वजन तपासणारी बाई, कंडक्टरकडे सुटे पैसे मागणारी मुलगी, सगळ्या 'रजनी'. कौतुकाने नव्हे, टोमणा म्हणून.

त्या वर्षी मी ज्या शाळेत शिकवत होते तिथली ही गोष्ट. जून महिना, प्रवेशाचे दिवस. शाळेत तेव्हा प्रवेशाच्या वेळी पालकांकडून 'इमारत निधी' घेत असत. पावती मिळत नसे. का मिळत नाही हे आम्हा शिक्षकांना माहीत होतं आणि माहीत नसल्यासारखं आम्ही वागत होतो. एक बाई मुलीला घेऊन आल्या. सुती साडी, हातात कापडी पिशवी, त्यात मुलीचा दाखला घडी घालून ठेवलेला. पैसे द्यायला त्यांची ना नव्हती. त्यांनी फक्त पावती मागितली. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, ही काही टीव्हीवरची मालिका नाही." कार्यालयातून कोणी तरी म्हणालं, "आली रजनी!" आणि सगळे हसले. मीही.

मग त्या बाई माझ्या टेबलाशी आल्या. "बाई, तुम्ही तरी सांगा ना यांना. पावती मागणं चूक आहे का?" मी मस्टर उघडलं आणि त्यात पाहत बसले. त्यात पाहण्यासारखं काही नव्हतं. त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग मुलीचा हात धरून गेल्या. ती मुलगी आमच्या शाळेत आली नाही.

चारच दिवसांपूर्वी, रविवारी, शेजारच्यांकडे बसून मी रजनीसाठी टाळ्या वाजवल्या होत्या. आणि त्यानंतर कितीतरी वर्षं मी मुलांना नागरिकशास्त्र शिकवलं. हक्क आणि कर्तव्यं. फळ्यावर दोन रकाने आखून.

असो. प्रियाकडे वळते. आपण तिला त्या एका नावात कोंडून ठेवलं, पण ती काही थांबली नाही. 'स्वयंसिद्धा' या मालिकेत संसार मोडल्यावर स्वतःच्या पायावर उभी राहणारी बाई तिने केली. पुढे गप्पांचा, वादांचा स्वतःच्या नावाचा कार्यक्रम केला. आणि १९९५मध्ये सुरू झालेल्या 'हम पाँच' या विनोदी मालिकेत ती चक्क भिंतीवरच्या फोटोत बसली! अशोक सराफची वारलेली पहिली बायको. फोटोतून बघायची आणि नवऱ्याला सुनवायची. घरात पाच मुली आणि दुसरी बायको, पण शेवटचा शब्द या हार घातलेल्या फोटोचा. मला ते काम फार आवडायचं. चौकट घातली तरी बोलणं काही थांबत नाही, हे तिने किती सहज दाखवलं होतं.

आणि ती लिहायची. हे आपल्यातल्या किती जणांना आठवतं? हॉटेलातल्या नोकरीच्या अनुभवांवर तिने 'पंचतारांकित' लिहिलं. 'ज्याचा त्याचा प्रश्न' आणि 'जन्मलेल्या प्रत्येकाला' या नावाने कथा लिहिल्या. मी निवृत्त झाल्यावर वाचनालयातून 'ज्याचा त्याचा प्रश्न' आणलं. नाव वाचूनच थबकले. सगळ्या देशाचे प्रश्न जिच्या गळ्यात घातले गेले, तिच्या पुस्तकाचं हे नाव! तिच्या मनात काय होतं ते मला ठाऊक नाही, उगाच तर्क करू नये. मला मात्र ते नाव माझ्यासाठीच लिहिल्यासारखं वाटलं. पावतीचा प्रश्न त्या बाईंचा होता, तितकाच माझाही होता. मी तो त्यांचा त्यांच्याकडे ठेवला.

१९ सप्टेंबर २००२ला प्रिया गेली. अठ्ठेचाळीस पूर्ण व्हायला एक महिना होता. कर्करोगाशी बरेच दिवस झुंजत होती. तेंडुलकर तिच्यामागे जवळजवळ सहा वर्षं जगले. मुलीच्या मागे राहणं काय असतं ते ज्याच्यावर येतं त्यालाच कळतं. तिच्या जाण्याच्या बातम्यांत बहुतेक ठिकाणी 'रजनी'च होती. नाटकातली बाहुली, 'अंकुर'मधली बायको, फोटोतली बायको, कथा लिहिणारी बाई, सगळ्या शेवटी कुठे तरी एका ओळीत.

तुम्ही म्हणाल, एका भूमिकेने तरी लक्षात राहिली ना! किती जणींच्या नशिबी तेही नसतं. खरं आहे. पण लक्षात ठेवायचंच असेल तर नीट ठेवू या. तिचं नाव टोमण्यासाठी वापरणं तरी आपण म्हाताऱ्यांनी आता बंद करावं. तरुण मुलींना त्याचा अर्थ कळत नाही हे एका अर्थी बरंच आहे.

बँकेतलं राहिलं. हसून झाल्यावर मला ती कापडी पिशवी आठवली. मी पुढे गेले आणि खिडकीतल्या माणसाला म्हटलं, "हिचं झाल्यावर माझंही खातं बघा, माझेही कापलेत का ते." कापले होते. गेल्या दोन वर्षांत तीन वेळा, आणि मला पत्ता नाही! त्या मुलीने आम्हा दोघींचे अर्ज लिहिले, माझं अक्षर आता हलतं म्हणून. पोचीचा शिक्का मात्र मी मागून घेतला. पैसे अजून आलेले नाहीत. पुढच्या सोमवारी पुन्हा जायचं ठरलंय, दोघींनी.