घरातली आगगाडी आणि चावीवाला

छंद म्हणजे पैसेवाल्यांचे काम, असा आपल्याकडे एक समज आहे. आमचाही होता. परंतु पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांच्या छंदातून उभे राहिलेले, १९९८ साली सुरू झालेले लघुरेल्वेचे संग्रहालय आमच्या चिरंजीवांनी शाळेच्या सहलीत पाहिले आणि घरी येऊन एकच धोशा लावला, "आपणही करू या." थोरली कन्या नर्सिंगसाठी वसतिगृहात गेल्याने दहा बाय आठची खोली मोकळीच होती. बोनसमधून आम्ही एक इंजिन, तीन डबे आणि रुळांचा संच घेतला.

सहा बाय चार फुटांचे प्लायवूड मधोमध कापून बिजागऱ्या लावल्या. कन्या सुटीत आली की मिटून भिंतीला टेकवायचे. खरी गाडी ८७ पटींनी लहान केली की ही गाडी होते. आमच्या मनात कसाऱ्याचा घाट होता. तिथला चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर गाडी १ मीटर वर चढते. खालच्या रुळावरून पूल न्यायचा तर निदान ७ सेंटिमीटर उंची हवी. चढायला २ मीटर ५९ सेंटिमीटर, उतरायला तेवढेच; आणि आमची सबंध फेरी जेमतेम साडेचार मीटरची! बी. कॉम. असे कामी आले. घाट रद्द झाला.

गाडी सुरू केली, तर बिजागरीजवळच्या सांध्यावर डबे घसरू लागले. आम्ही इंजिन तपासले, चाके पुसली. दारात उभे असलेले आमचे वडील खाली बसले, रुळावरून बोट फिरवले आणि म्हणाले, "गाडीत दोष नाही. फिशप्लेट नीट बसली नाही." तसेच निघाले! मग म्हणाले, "आणि तुझा रूळ अरुंद आहे." आम्ही कागद घेतला. आपल्याकडच्या दोन रुळांतले अंतर १६७६ मिलिमीटर. भागिले ८७, म्हणजे १९ हून थोडे अधिक. संचातले अंतर १६.५, कारण तो परदेशातल्या १४३५ च्या मापावर बेतलेला. पंचाहत्तरीच्या डोळ्यांनी तीन मिलिमीटरचाही फरक नव्हता तो ओळखला!

वडील कसारा घाटात गँगमन होते, पुढे चावीवाले झाले. रोज हातोडा घेऊन आपल्या हद्दीतला रूळ पायी तपासायचा, सैल झालेली चावी ठोकून बसवायची. पावसाळ्यात रात्री कंदील आणि फटाके घेऊन गस्त घालायची. शाळेच्या अर्जात मात्र वडिलांच्या व्यवसायापुढे आम्ही 'रेल्वेत नोकरी' एवढेच लिहीत असू. गँगमन लिहायची लाज वाटे. ज्यांच्या चालण्यावर आम्ही शिकलो, त्यांचे काम आम्ही लपवले. ही कबुली द्यायला आम्हांला इतकी वर्षे लागली.

चिरंजीवांनी विचारले, "आजोबा, स्टेशन आहे, सिग्नल आहे, तुम्ही कुठे आहात?" त्या रात्री आजोबा-नातवाने काडेपेटीच्या काडीचा माणूस केला. ८७ पटींच्या हिशेबाने उंची बरोबर २ सेंटिमीटर, खांद्यावर हातोडा. तो आता त्याच सांध्यापाशी उभा आहे.

वाचकहो, आपल्यापैकी कित्येकांचे वाडवडील गिरणीत, गोदीत, रुळांवर राबले. मुलांच्या खेळात त्यांनाही जागा द्या. आणि ते हयात असतील तर त्यांनाच विचारा, काम कसे चालायचे ते.