संपर्क तुटल्यावर ड्रोनने काय करायचे?

डिसेंबर २०२१मध्ये पालघर जिल्ह्यातील जव्हारहून झाप या गावी कोविड लशीच्या ३०० मात्रा ड्रोनने पोहोचवण्यात आल्या. सुमारे २० किलोमीटरचे अंतर नऊ-दहा मिनिटांत कापले गेले. त्याआधी ऑक्टोबरमध्ये मणिपूरमध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या उपक्रमात बिष्णुपूरहून लोकताक सरोवरातील कारांग बेटावर अशीच लस गेली होती. तिथे रस्त्याने २६ किलोमीटर पडणारे अंतर हवेतून १५ किलोमीटर भरले. पावसाळ्यात वाटा बंद होणाऱ्या पाड्यांसाठी हे तंत्र मोलाचे आहे, याबद्दल दुमत नाही. मात्र वेगाच्या कौतुकात एक साधा प्रश्न मागे पडतो. वाटेत चालक आणि ड्रोन यांचा संपर्क तुटला, तर ते यंत्र काय करेल?

संपर्क तुटणे ही दुर्मीळ घटना नव्हे. ड्रोनचा रिमोट बहुधा २.४ किंवा ५.८ गिगाहर्ट्झच्या रेडिओलहरींवर चालतो. या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की त्या अडतात आणि पावसाने भिजलेल्या दाट झाडीत त्यांचा जोर ओसरतो. मोबाइल नेटवर्कवर चालणाऱ्या ड्रोनचीही दरीत तीच गत होते. त्यातून, आखून दिलेल्या मार्गावर आपोआप उडणारा ड्रोन दूरच्या फेरीत चालकाच्या नजरेआड जाणारच. म्हणून संपर्क कधीतरी तुटणार, हे गृहीत धरूनच उड्डाणाची तयारी व्हायला हवी.

त्या क्षणी यंत्र स्वतःच्या अकलेने काही ठरवत नाही. उड्डाणापूर्वी माणसाने जी सूचना भरलेली असते, ती ते पाळते. पर्याय साधारण चार असतात: निघालेल्या जागी परतणे, आहे तिथेच हवेत थांबणे, खाली उतरणे किंवा ठरलेला मार्ग पूर्ण करणे. यातला प्रत्येक पर्याय एखाद्या ठिकाणी योग्य आणि दुसऱ्या ठिकाणी घातक ठरतो. सरोवरावर असताना ‘खाली उतर’ ही सूचना पाळली गेली, तर यंत्र आणि लस दोन्ही पाण्यात जातात. हवेत थांबून राहण्यात बॅटरी संपत जाते.

परतण्याचा पर्याय सर्वांत निर्धोक वाटतो, पण त्याची खरी गोम उंचीत आहे. ‘आर्डुपायलट’ या जगभर वापरल्या जाणाऱ्या खुल्या प्रणालीत परतीची किमान उंची मुळात १५ मीटर धरलेली असते. कोकणातला उंच माड त्याच्याही वर जातो. शिवाय ही उंची सहसा उड्डाणाच्या जागेपासून मोजली जाते. दरीतून निघालेल्या ड्रोनला ६० मीटरची परतीची उंची दिली आणि वाटेत ८० मीटरचा उंचवटा असेल, तर यंत्र सूचना तंतोतंत पाळून कड्यावर आदळेल. फवारणीच्या ड्रोनची अडचण वेगळी. तो पिकाच्या वर दोन-तीन मीटरवर फिरतो. संपर्क तुटताच परतीसाठी आधी सरळ वर चढतो आणि शेतावरून विजेच्या तारा गेल्या असतील, तर नेमका त्यांत जातो. अडथळे ओळखणारे संवेदक असले तरी बारीक तार त्यांना हमखास दिसेलच असे नाही.

बॅटरीचे गणितही तसेच. २० किलोमीटरच्या मार्गावर सोळाव्या किलोमीटरला संपर्क तुटला, तर मागे १६ किलोमीटर आणि पुढे चारच उरतात. वारा उलटा असेल तर परतीला आणखी वीज लागते. अशा वेळी पुढे जाणे किंवा वाटेतल्या आधीच ठरवलेल्या मोकळ्या जागी उतरणे शहाणपणाचे. आणखी एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. रिमोटचा संपर्क वेगळा आणि उपग्रहांचा संकेत वेगळा. रिमोट सुटला तरी उपग्रहांच्या आधारे ड्रोन वाट शोधतो. तो संकेतही गेला, तर अनेक ड्रोन उंची कशीबशी राखतात, पण वाऱ्याबरोबर वाहत जातात. आपण कुठे आहोत हे ठाऊक नसलेल्या यंत्राला ‘परत ये’ सांगून उपयोग नसतो.

सूचना भरली म्हणजे काम झाले, असेही नाही. २ ऑगस्ट २०१० रोजी अमेरिकी नौदलाच्या ‘फायर स्काउट’ या मानवरहित हेलिकॉप्टरचा मेरीलँडमध्ये संपर्क तुटला. अशा वेळी परतायचे, हे ठरलेले होते. सॉफ्टवेअरमधील दोषामुळे तसे झाले नाही आणि ते सुमारे ३७ किलोमीटर उडत वॉशिंग्टनभोवतीच्या प्रतिबंधित हवाई क्षेत्रात शिरले. दुसऱ्या नियंत्रण केंद्रावरून संपर्क जुळला तेव्हा ते आवरले. ४ जुलै २०१९ रोजी ब्रिटनमध्ये गुडवुड येथे ९५ किलो वजनाच्या ड्रोनचे प्रात्यक्षिक सुरू असताना त्यावरचा ताबा सुटला. तातडीने बंद करण्याची कळही चालली नाही. ते सुमारे आठ हजार फुटांपर्यंत चढले आणि बॅटरी संपल्यावर वस्तीपासून ४० मीटरवर शेतात कोसळले. कोणाला इजा झाली नाही, हे नशीब.

आपल्याकडे ड्रोन नियम २५ ऑगस्ट २०२१ला लागू झाले. ड्रोनचा ठावठिकाणा सांगणारी यंत्रणा, आखलेल्या हद्दीबाहेर त्याला जाऊ न देणारे कुंपण अशा गोष्टी पुढे सक्तीच्या करता येतील, अशी तरतूद त्यात आहे. पण कुठल्या दरीत परतीची उंची किती ठेवायची, हे कोणताही देशव्यापी नियम सांगू शकत नाही. ते त्या मार्गावरच ठरवावे लागते. ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत १५ हजार महिला बचतगटांना ड्रोन देण्याचे उद्दिष्ट आहे. या महिलांना केवळ उडवणे आणि उतरवणे शिकवले आणि तारांखालच्या शेतातला हा धोका शिकवला नाही, तर अपघातानंतर दोष मात्र त्यांच्याच माथी येईल.

म्हणूनच आरोग्य खात्याने ड्रोनसेवेचे कंत्राट देताना काही अटी घालायला हव्यात. प्रत्येक मार्गासाठी संपर्क तुटल्यानंतरची योजना लेखी असावी. परतीची उंची नकाशा आणि प्रत्यक्ष पाहणी यांवरून ठरावी. पर्यायी उतरण्याच्या जागा आधी निवडाव्यात. मोकळ्या माळावर, माणसे दूर ठेवून, संपर्क मुद्दाम तोडून चाचणी घ्यावी आणि सॉफ्टवेअर बदलल्यावर ती पुन्हा घ्यावी. मार्गावरच्या गावांत आशा कार्यकर्त्या आणि सरपंच यांना दोन गोष्टी ठाऊक असाव्यात: शेतात उतरलेल्या ड्रोनच्या पात्यांजवळ कोणी जायचे नाही आणि फोन कोणाला करायचा. पेटीतली लस दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये राहिली होती का, हे तपासल्याखेरीज ती कोणालाही टोचू नये.

यातल्या कशालाही मोठा खर्च लागत नाही. लागतो तो उड्डाणापूर्वीचा थोडा वेळ आणि कागदावर कोणीतरी केलेली सही. एखादा ड्रोन शाळेच्या पटांगणात कोसळल्यावर ही सेटिंग कोणी तपासली होती, असे विचारणे म्हणजे वरातीमागून घोडे. तो प्रश्न पहिले उड्डाण होण्याआधी विचारला जायला हवा.