ज्ञात-अज्ञातांचे ऋण
(द्वितीय वर्ष, कला)

कोणत्याही समारंभाच्या शेवटी आभारप्रदर्शन होते. अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, देणगीदार, मांडववाले यांची नावे घेऊन झाली की वक्ता घड्याळाकडे पाहतो आणि ‘ज्ञात-अज्ञात हितचिंतकांचे’ आभार मानून मोकळा होतो. तोवर निम्मे श्रोते चपला शोधू लागलेले असतात! मला वाटते, ज्यांचे ऋण सर्वांत मोठे, तीच माणसे आपण या एका शब्दात कोंबून टाकतो.

हा विचार मनात आला तो एका सायकलफेरीमुळे. एप्रिल २०२५ मध्ये पार्किन्सनच्या रुग्णांच्या मदतीसाठी कराड ते सातारा अशी सुमारे ५० किलोमीटरची फेरी निघाली. आम्ही काही विद्यार्थी तीत सामील झालो. आपल्याकडे कंपवात म्हणतात तो हा आजार. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. ११ एप्रिल हा त्यांचा जन्मदिवस, म्हणून हा महिना. या आजारात मेंदूतील डोपामिन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होतात. हात थरथरतात, स्नायू ताठरतात, पाऊल उचलता उचलत नाही. औषधाने आराम पडतो, पण आजार मुळातून जात नाही. आणि सायकलच का? २०१० मध्ये नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी ५८ वर्षांच्या एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. त्याला चार पावले धड चालता येत नव्हते, पण सायकलवर बसवले की तो सहज चालवत असे! सगळ्यांना असे जमत नाही. तरीही व्यायामाचा या रुग्णांना उपयोग होतो, हे आता सर्वमान्य आहे.

आता माझ्या हितचिंतकांविषयी. माझ्याजवळ सायकल नव्हती. आमच्या गावात दूध घालणाऱ्या तात्यांनी आपली दिली आणि त्या दिवशी किटल्या घेऊन स्वतः पायी रतीब घातला. सायकल दुरुस्त करणाऱ्या चाचांनी दोन्ही चाकांचा आउट काढून दिला. पैसे काही घेतले नाहीत. माझ्या पावतीपुस्तकात ८४ पावत्या फाटल्या, त्यांतल्या ६१ दहा-दहा रुपयांच्या. बहुतेक बायका रोजंदारीवर जाणाऱ्या. दहा रुपये देतानाही ‘एवढंच हाय बरं का’ असे म्हणून त्याच ओशाळत होत्या.

या माणसांना ‘पार्किन्सन’ हा शब्द उच्चारता येत नव्हता. पण आजार सांगितल्यावर तो त्यांनी लगेच ओळखला. ‘आमच्या आण्णांचा हात असाच थरथरतो. आम्ही म्हटलं, वय झालं,’ असे एका घरी ऐकले. तिथे पावती फाडण्याआधी डॉक्टरांना दाखवून घेण्याविषयी बोलावे लागले. दुसऱ्या घरी काकांना हा आजार होऊन बरीच वर्षे झालेली. त्यांच्या सदऱ्याची बटणे लावता लावता काकू म्हणाल्या, ‘बाळा, तू एक दिवस पायडल मारणार. माझं रोजचंच आहे.’ त्यांनी वीस रुपये दिले.

साताऱ्याला पोहोचल्यावर आम्हा सायकलस्वारांना हार घालण्यात आले. मोठ्या देणगीदारांचे सत्कार झाले. ते योग्यच होते. त्यांच्या पैशावाचून काम उभे राहिले नसते. परंतु काकूंसारख्यांना हार कोण घालणार? आणि ६१ पावत्या? त्या ‘ज्ञात-अज्ञात’मध्ये गेल्या!

कोणी म्हणेल, साधी माणसे नावासाठी देत नाहीत, मग एवढा खटाटोप कशाला? त्यांना नावाची हाव नाही, हे मान्य. पण म्हणून आपण विसरावे, हा कुठला न्याय? आभार त्यांच्या समाधानासाठी नव्हेत, आपल्या आठवणीसाठी असतात. ज्याला घेतलेले आठवत नाही, त्याच्या हातून पुढे देणे होत नाही.

माझ्यापुरते सांगतो. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिला. पुस्तकांसाठी कोणी, एस. टी. च्या पाससाठी कोणी, असा कुणाकुणाचा हात लागला तेव्हा माझे नाव हजेरीपटावर आले. अशा मुलाने ‘ज्ञात-अज्ञात’ म्हणून पुढे जायचे ठरवले, तर तो आपल्याच घरचा पत्ता विसरेल.

म्हणून माझे मत असे, की आभार भाषणात न मानता दारात जाऊन मानावेत. ज्या गावातून पैसे गोळा केले, तिथल्या चावडीवर हिशेब वाचून दाखवावा: किती जमले, कशाला लागले. जिथे हात थरथरणारा माणूस दिसला, तिथे पुन्हा जावे. त्याला दवाखान्यात नेले का, ते विचारावे. आठवड्यातून तासभर त्या घरी बसावे, म्हणजे घरच्या माणसाला तेवढी उसंत मिळेल. यासाठी ना सायकल लागते, ना हार. मित्रहो, पुढच्या एप्रिलमध्ये फेरी निघाली तर जरूर या. पण परतीच्या वाटेवर या दारांशी थांबायची तयारी ठेवूनच या.