रात्रीची सूचनाघंटा आणि निद्रावेगाचे धारण

निद्रा हा अधारणीय वेगांपैकी एक आहे, हे आपल्यापैकी प्रत्येकाने विद्यार्थिदशेतच पाठ केलेले असते. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात जे १३ वेग सांगितले, त्यांत मूत्र, पुरीष, क्षवथु, जृम्भा यांच्याच पंक्तीला निद्रा बसविली आहे. तिचे धारण केल्यास जांभया, अंगमर्द, तंद्रा, शिरोरोग व अक्षिगौरव ही लक्षणे उद्भवतात आणि त्यावर उपचार म्हणजे स्वप्न व संवाहन, इतका सरळ हा विषय. परंतु रुग्णाला आपण मलमूत्रवेगाविषयी जितक्या आवर्जून विचारतो, तितक्या आवर्जून निद्रावेगाविषयी विचारत नाही. ‘झोप कशी लागते?’ या एका प्रश्नावर आपली चौकशी संपते. रुग्णही ‘बरी लागते’ असे सांगून मोकळा होतो.

खरे उत्तर दुसऱ्या प्रश्नात दडलेले असते. रात्री मोबाईल कोठे ठेवता? गेल्या काही वर्षांत आम्ही हा प्रश्न केसपेपरवर नियमाने लिहू लागलो आहोत आणि बहुतेकांचे उत्तर एकच येते, ‘उशाशी’. मग पुढे विचारावे, की रात्री तो वाजतो का, वाजला की पाहता का, पाहिल्यावर पुन्हा झोप लागायला किती वेळ जातो? अम्लपित्ताचा, शिरःशूलाचा, मलावष्टंभाचा रुग्ण येथे थोडा गोंधळतो. आपल्या पोटाचा आणि त्या यंत्राचा काय संबंध, असा भाव त्याच्या चेहऱ्यावर असतो. तो संबंध त्याला समजावून सांगणे हे आपले काम आहे. रात्रिजागरण रूक्ष आहे, ते वात वाढविते, हे सूत्र त्याच्या भाषेत उतरविले की त्याला लगेच पटते. आमच्या भागातील शेतकऱ्याला रूक्षता शिकवावी लागत नाही.

येथे एक सूक्ष्म भेद लक्षात घेण्यासारखा आहे. शास्त्रात वर्णिलेले रात्रिजागरण बहुधा सलग असते. प्रवास, उत्सव, सुश्रूषा वा पहारा यांसाठी मनुष्य जागतो आणि आपण जागलो हे त्याला ठाऊक असते. म्हणूनच वाग्भटाचार्य सांगू शकतात, की सवय नसता जागरण घडल्यास त्याच्या अर्ध्या काळापुरते दुसऱ्या दिवशी सकाळी, काही न खाता, निजावे. मोबाईलच्या टिणटिणीने होणारे जागरण तुकड्यातुकड्यांचे असते. साडेअकराला एक, पाऊणला दोन, पहाटे चारला एखाद्या उत्साही नातेवाइकाचे फुलांसह सुप्रभात. (ब्राह्ममुहूर्त हा स्वतः उठण्यासाठी सांगितला आहे, दुसऱ्यास उठविण्यासाठी नव्हे.) एकूण किती जागलो याचा हिशेबच नसतो, तर त्याचे अर्धे कसे काढणार? रुग्ण ‘आठ तास झोपलो’ असे प्रामाणिकपणे सांगतो आणि त्याची जीभ, डोळे व नाडी वेगळेच सांगतात.

गगनबावड्यात या विषयाला आणखी एक पदर आहे. जिल्ह्यातील सर्वाधिक पावसाचा हा तालुका. जून ते सप्टेंबर वीज केव्हा जाईल आणि रेंज केव्हा तुटेल याचा नेम नाही. संध्याकाळी सातला गेलेली रेंज रात्री दोनला येते आणि मधल्या काळात अडकून पडलेले सारे संदेश एका पाठोपाठ एक वाजू लागतात. भजनी मंडळ, दूध संस्था, शाळेचा पालकवर्ग, भावकी, औषध कंपनीचा प्रतिनिधी, सारे एकाच मिनिटात दाराशी येऊन उभे. शहरातील वैद्यबंधूंना हा अनुभव नसावा. येथे मात्र पावसाळ्यातील अनिद्रेचे हे एक ठळक कारण आम्हाला दिसते, आणि तेही नेमके वातप्रकोपाच्या ऋतूत.

यावर सहज सुचणारा उपाय म्हणजे रात्री मोबाईल बंद करून ठेवणे. हा उपाय आम्हाला मान्य नाही. का, ते सविस्तर सांगितले पाहिजे, कारण आपल्या व्यवसायातील मतभेद याच मुद्द्यावर आहेत.

भातलावणीच्या दिवसांत सर्पदंश होतात. त्यांतही मण्यार ही रात्री फिरणारी, जमिनीवर अंथरूण घालून निजलेल्यास दंश करणारी. दंशाच्या जागी वेदना नाही, सूज नाही, कधीकधी खूणही सापडत नाही. पोटात दुखते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही, अशी तक्रार घेऊन मध्यरात्री घरचे लोक ज्याचा नंबर पाठ आहे त्याला, म्हणजे गावच्या वैद्याला, फोन लावतात. त्या क्षणी आपले कर्तव्य एकच आहे. ही लक्षणे ओळखणे आणि एक क्षणही न दवडता, कोणताही घरगुती प्रयोग न करू देता, प्रतिसर्पविष मिळेल अशा रुग्णालयाकडे त्यांना रवाना करणे. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे. ती बोलावण्यास सांगणारा आवाज पलीकडून ऐकू आलाच पाहिजे. येथून कोल्हापूर ५० किलोमीटरहून अधिक दूर आहे आणि मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी आले की ते अंतर आणखी वाढते. अशा ठिकाणी वैद्याचा फोन बंद लागणे परवडणारे नाही.

दुसरे कारण डोंगराचे. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. लोक झोपेत होते. योगायोग असा, की दुसऱ्याच दिवशी सकाळी दूरसंचार विभागाच्या आपत्कालीन इशाऱ्याची चाचणी झाली आणि राज्यातील असंख्य मोबाईल एकाएकी मोठ्याने वाजून उठले. अनेकांना ती खोडी वाटली. ती यंत्रणा मात्र समजून घेण्यासारखी आहे. मनोऱ्यावरून त्या परिसरातील सर्व संचांवर एकाच वेळी इशारा प्रसारित होतो, कोणाचा नंबर ठाऊक असावा लागत नाही आणि संच मूक ठेवलेला असला तरी तो वाजावा अशी योजना आहे. पूर्ण बंद केलेला संच मात्र वाजणार नाही. करूळ व भुईबावडा घाटांच्या माथ्यावर राहणाऱ्यांनी हा फरक विसरू नये.

तेव्हा फोन चालू हवा, पण नोटिफिकेशन बंद हव्यात. फोनची हाक आणि सूचनेची टिणटिण या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि त्या एकाच संचातून येतात म्हणून आपण त्या एकच समजतो, हे आमच्या मते सर्व गोंधळाचे मूळ आहे. पूर्वी रात्री वैद्याच्या दारावर थाप पडे, ती अडल्यानडलेल्याचीच असे. शुभेच्छा द्यायला मध्यरात्री कोणी कडी वाजवीत नसे. आजही खरी अडचण असलेला मनुष्य संदेश टाकून वाट पाहत बसत नाही, तो फोन करतो, आणि उचलला नाही तर पुन्हा करतो.

संच तयार करणाऱ्यांनी ही सोय फार पूर्वीच करून ठेवली आहे. आयफोनवर ती २०१२ साली आली, अँड्रॉइडवर २०१४ साली. सेटिंगमध्ये ‘व्यत्यय आणू नका’ असा पर्याय असतो. त्यात वेळ ठरवून देता येते, म्हणजे रोज रात्री आठवण ठेवावी लागत नाही. त्यातच कॉलसाठी अपवाद करता येतो. शहरी गृहस्थाने घरच्या चार-पाच नंबरांपुरता अपवाद ठेवला तरी चालेल. ग्रामीण वैद्याने मात्र ‘सर्वांचे कॉल येऊ द्यावेत, कोणताही संदेश वाजू नये’ असेच ठेवावे, कारण सर्पदंशाचा फोन बहुधा शेजाऱ्याच्या अनोळखी नंबरावरून येतो. ज्यांना हेही जास्त वाटते त्यांच्यासाठी पुनःपुन्हा येणाऱ्या कॉलची सोय आहे. एकाच नंबरावरून थोड्या अवधीत दुसऱ्यांदा कॉल आला की तो वाजतो. आयफोनमध्ये हा अवधी ३ मिनिटांचा, तर अँड्रॉइडमध्ये सामान्यतः १५ मिनिटांचा आहे. गजराला यांतील कशानेही बाधा येत नाही. एवढे करायला दोन मिनिटे पुरतात आणि ते रुग्णासमोर बसून, त्याच्याच संचात करून देता येते. आमच्याकडे औषधाची पुडी बांधून होईपर्यंत साहाय्यक हे काम उरकतो.

आता रात्री येणाऱ्या रुग्णांच्या संदेशांविषयी. जिभेचे छायाचित्र, रक्ततपासणीचा अहवाल, ‘काढा जेवणाआधी की नंतर?’ असा प्रश्न, हे सारे रात्री अकरानंतर येते, आणि निळ्या खुणा दिसल्या की उत्तराची अपेक्षा सुरू होते. उत्तर न दिल्यास रुग्ण दुसरीकडे जाईल, असे तरुण वैद्यांना वाटते. ही भीती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही, काही जातातही. परंतु २०२० च्या एप्रिलमध्ये आपल्या पद्धतींसाठी दूरवैद्यकाची जी मार्गदर्शक तत्त्वे आली, त्यांनी दुरून दिलेला सल्ला पुरेसा आहे की नाही हे ठरविण्याचा विवेक वैद्याच्याच हाती ठेवला आहे. अर्धवट झोपेत, अंधुक छायाचित्रावरून दिलेला सल्ला हा त्या विवेकाचा उपयोग नव्हे. आम्ही चिकित्सालयाच्या दारावर स्पष्ट लिहून ठेवले आहे, की रात्री ९ नंतरचे संदेश सकाळी ७ वाजता पाहिले जातील आणि तातडी असल्यास फोन करावा. लोकांनी ते महिन्याभरात अंगवळणी पाडून घेतले.

औषधी दुकानदार बंधूंना एक वेगळी विनंती आहे. ‘झोपेची आयुर्वेदिक गोळी द्या’ अशी मागणी काउंटरवर नेहमी होते आणि पुष्कळदा सर्पगंधेचा कल्प हातावर ठेवला जातो. सर्पगंधा हे साधे द्रव्य नाही. कलकत्त्याच्या सेन व बोस यांनी १९३१ साली तिच्यावर लिहिले, मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांचा रक्तदाबावरील निबंध १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये आला आणि १९५२ साली तिच्यातील रेसर्पिन वेगळे काढले गेले, तेव्हा कोठे जगाला तिचे सामर्थ्य कळले. रक्तदाबाच्या गोळ्या आधीच चालू असलेल्यास ती वैद्याच्या सल्ल्याविना देणे धोक्याचे, आणि खिन्न मनाच्या रुग्णास तर तिने खिन्नता वाढू शकते. गिऱ्हाईकाला आधी एवढेच विचारावे, की मोबाईल रात्री वाजतो का? विक्री एखादवेळी बुडेल. परंतु ज्याची झोप टिणटिणीने मोडते त्याला औषध देणे म्हणजे निदानपरिवर्जन सोडून चिकित्सा करणे होय. त्याउपर काही द्यावेसे वाटलेच तर पादाभ्यंगासाठी तेलाची बाटली द्यावी आणि म्हशीचे दूध प्यायला सांगावे. निद्राजननात चरकाचार्यांनी ते श्रेष्ठ मानले आहे, आणि कट्ट्यावर उभे राहून म्हशीचे धारोष्ण दूध पिणाऱ्या जिल्ह्याला ते नव्याने सांगावे लागू नये.

शेजारच्या सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाचे कौतुक सर्वत्र झाले. कडेगाव तालुक्यातील या गावाने १५ ऑगस्ट २०२२ पासून रोज सायंकाळी ७ वाजता भोंगा वाजवून दीड तास मोबाईल व दूरचित्रवाणी बंद ठेवण्याचा नियम केला. महामारीतील ऑनलाईन शाळेनंतर मुलांच्या हातून मोबाईल सुटेना, म्हणून गाव एकत्र आले. हा प्रयोग आम्हाला मनापासून आवडतो, विशेषतः तो कायद्याने नव्हे तर ग्रामसभेने घडला म्हणून. मात्र त्याचा हेतू अभ्यासाचा व संवादाचा आहे. साडेआठनंतर मोबाईल पुन्हा सुरू होतो आणि निजेच्या वेळी उशाशी येतो. रात्रीचे काम उरतेच. त्यासाठी भोंगा वाजविता येत नाही, घराघरांत, संचासंचांत हळूहळू करावे लागते, आणि घराघरांत शिरण्याचा मान वैद्यालाच आहे.

कायद्याकडून आपण फार अपेक्षा करू नये. खासदार सुप्रिया सुळे यांनी डिसेंबर २०१८ मध्ये लोकसभेत कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याच्या हक्काचे खासगी विधेयक मांडले होते, त्याचा कायदा झाला नाही. ऑस्ट्रेलियात तसा हक्क ऑगस्ट २०२४ पासून आहे. परंतु ही सारी योजना नोकरदारासाठी आहे. स्वतःचे दुकान व स्वतःचे चिकित्सालय चालविणाऱ्यास कोणता कायदा झोपवणार?

आपल्या व्हॉट्सॲप गटांचे मात्र आपणच धनी आहोत. वैद्यांच्या व औषधी विक्रेत्यांच्या गटांवर रात्री साडेदहानंतर जी वर्दळ असते (योजना, सवलती, वाढदिवस आणि त्यानंतरचे शंभर धन्यवाद), ती पाहता इतरांना निद्रेचा उपदेश करताना आपली जीभ अडखळली पाहिजे. संघटनेच्या पुढील बैठकीत आम्ही असा ठराव मांडणार आहोत, की रात्री ९ ते सकाळी ६ या वेळेत सर्व गट केवळ व्यवस्थापकांच्या संदेशापुरते खुले ठेवावेत. घाट बंद होणे, रस्त्यावर पाणी येणे, रक्ताची तातडीची गरज अशा बाबी गटावर न टाकता त्या त्या भागातील दोन जबाबदार सदस्यांनी प्रत्यक्ष फोनवर कळवाव्यात. त्यासाठी तालुकावार यादी लागेल. गगनबावड्यापुरती ती आम्ही तयार केली आहे.