परभाषेची वाट स्वभाषेच्या अंगणातून

जून महिना उजाडला की मराठी घराघरांतून दर वर्षी एकच प्रश्न ऐकू येतो : मुलाला कोणत्या माध्यमात घालायचे? मुलाला इंग्रजी यावे ही पालकांची इच्छा रास्त आहे. मात्र ‘इंग्रजी शिकणे’ आणि ‘इंग्रजीतून शिकणे’ या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, याचा विसर पडतो आणि तिथेच निर्णय फसतो. घरात इंग्रजीचा गंध नाही, शाळेत शिक्षकांचेच इंग्रजी कच्चे, अशा स्थितीत मूल गणित आणि विज्ञान परक्या भाषेत घोकू लागते. दहा वर्षांनी त्याच्या हाती धड इंग्रजी लागत नाही आणि धड मराठीही उरत नाही.

नाण्याची दुसरी बाजूही तितकीच बोचरी आहे. तालुक्याच्या गावी पदवी मिळवून पुण्या-मुंबईत मुलाखतीला आलेला तरुण आपल्या विषयात पक्का असतो. पण ‘स्वतःविषयी दोन शब्द सांगा’ असे इंग्रजीत विचारले की त्याचा घसा कोरडा पडतो. मुलाच्या शाळेतील पालकसभेत वडील मागच्या बाकावर गप्प बसून राहतात. चार चौघांत चूक झाली तर लोक हसतील, या भीतीने आई साधे इंग्रजी वाक्यही उच्चारत नाही. या माणसांना बुद्धी कमी नाही. त्यांची अडचण भाषेपेक्षा न्यूनगंडाची अधिक आहे आणि न्यूनगंडावर उपाय शोधल्याशिवाय भाषेचा उपाय लागू पडत नाही.

या बाबतीत महाराष्ट्राला आपलाच इतिहास मार्गदर्शक ठरावा. १ जानेवारी १८८० रोजी विष्णुशास्त्री चिपळूणकर, लोकमान्य टिळक व त्यांचे सहकारी यांनी पुण्यात शाळा काढली, तिचे नावच ‘न्यू इंग्लिश स्कूल’ होते. ज्या विष्णुशास्त्र्यांनी ‘निबंधमाले’तून मराठी गद्याला तेज दिले, त्यांच्याच नावावर इंग्रजीला दिलेली ‘वाघिणीचे दूध’ ही उपमा सांगितली जाते. १८८१ साली याच मंडळींनी दोन पत्रे सुरू केली : समाजाशी बोलण्यासाठी मराठी ‘केसरी’ आणि राज्यकर्त्यांशी व इतर प्रांतांशी बोलण्यासाठी इंग्रजी ‘मराठा’. टिळकांनी वेदकालाविषयीचा ‘ओरायन’ हा ग्रंथ १८९३ मध्ये जगातील विद्वानांसमोर इंग्रजीत मांडला आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘गीतारहस्य’ मात्र मराठीत लिहिले. भाषाशुद्धीचा ध्यास घेऊन मराठीला कितीतरी नवे शब्द देणाऱ्या स्वातंत्र्यवीर सावरकरांचा ‘हिंदुत्व’ हा ग्रंथ १९२३ साली प्रथम प्रसिद्ध झाला तो इंग्रजीतच. कोणाशी कोणत्या भाषेत बोलायचे, हे ही माणसे स्वतः ठरवीत होती. भाषा त्यांच्याविषयी ठरवीत नव्हती. मेकॉलेने २ फेब्रुवारी १८३५ च्या टिपणात राज्यकर्ते आणि प्रजा यांच्यामध्ये दुभाष्याचे काम करणारा वर्ग घडविण्याची कल्पना मांडली होती. तिला त्या पिढीने दिलेले उत्तर हेच होते : इंग्रजी आत्मसात केली, पण तिचे दास्य पत्करले नाही.

मग आजच्या नवशिक्याने सुरुवात कोठून करावी? उत्तर साधे आहे. जी भाषा येते तिथूनच. मराठी ही इंग्रजीच्या वाटेतील धोंड नव्हे, ती पहिली पायरी आहे. जुन्या पिढ्यांनी तर्खडकरांची ‘भाषांतर पाठमाला’ गिरवून इंग्रजी शिकली, ती याच तत्त्वावर. मराठी वाक्य आणि इंग्रजी वाक्य शेजारी शेजारी ठेवायचे आणि फरक कुठे पडतो ते पाहायचे. व्याकरण म्हणजे पाठ करण्याच्या नियमांचा डोंगर नव्हे. दोन भाषांच्या स्वभावांतील फरक ओळखण्याची ती दृष्टी आहे.

पहिला फरक वाक्यरचनेचा. ‘रामाने गोविंदाला पाहिले’ आणि ‘गोविंदाला रामाने पाहिले’ या दोन्ही वाक्यांत पाहणारा रामच आहे. ‘ने’ आणि ‘ला’ हे प्रत्यय कर्ता आणि कर्म यांची ओळख सांभाळतात, म्हणून मराठीत शब्दांना इकडेतिकडे हलण्याची मोकळीक आहे. इंग्रजी नामाला असे प्रत्यय उरलेले नाहीत. तिथे शब्दाची जागा हाच त्याचा प्रत्यय. ‘राम सॉ गोविंद’ याचा क्रम उलटला की पाहणाराही उलटतो. म्हणून आधी कर्ता, मग क्रियापद, मग कर्म ही शिस्त पहिल्या दिवसापासून अंगवळणी पाडावी लागते. ‘टेबलावर’मधला ‘वर’ नामाच्या मागे येतो, तर ‘ऑन द टेबल’मधला ‘ऑन’ पुढे. एवढी अदलाबदल ध्यानी घेतली की निम्मी वाक्ये सरळ होतात.

दुसरी अडचण ‘अ’ आणि ‘द’ यांची. मराठीत अशी उपपदे नाहीत म्हणून ती अवघड, असे सांगितले जाते. परंतु आजीच्या गोष्टीची सुरुवात आठवावी. ‘एक राजा होता. त्या राजाला दोन राण्या होत्या.’ प्रथम उल्लेख होताना ‘एक’, आणि ओळख झाल्यावर ‘त्या’. श्रोत्याला जो अजून ठाऊक नाही त्याच्या आधी ‘अ’ आणि जो ठाऊक झाला त्याच्या आधी ‘द’, हा नियमाचा गाभा प्रत्येक मराठी मूल पाळण्यात असल्यापासून ऐकत आले आहे. ‘अ’ आणि ‘ॲन’ यांतील निवड अक्षरावर नव्हे, उच्चारावर ठरते. म्हणून ‘ॲन आवर’, पण ‘अ युनिव्हर्सिटी’.

तिसरा फरक कर्त्याचा. ‘मला भूक लागली’, ‘मला ताप आहे’, ‘मला आंबा आवडतो’ असे मराठी म्हणते. भूक माणसाकडे येते, ताप त्याला गाठतो, आंबा आपणहून आवडतो. इंग्रजीत हाच माणूस कर्ता होऊन पुढे उभा राहतो : ‘आय ॲम हंग्री’, ‘आय हॅव अ फीव्हर’, ‘आय लाइक मँगोज’. नवशिक्याची कितीतरी वाक्ये या ‘मला’पाशीच अडखळतात. तसेच प्रश्नाचे. मराठीत वाक्याच्या शेवटी ‘का’ जोडले की प्रश्न तयार होतो. इंग्रजीत त्याची चाहूल आरंभीच ‘डू’ किंवा ‘डज’ने द्यावी लागते. आणि क्रियापदांची रूपे? मराठी मूल ‘जातो, जाते, जातोस, जातेस, जातात’ ही लिंग, वचन आणि पुरुष यांनुसार बदलणारी रूपे न शिकवता बोलते. इंग्रजीच्या साध्या वर्तमानकाळात ‘गो’ आणि ‘गोज’ एवढाच भेद आहे. ज्याने मराठीचा गड सहज चढला, त्याने इंग्रजीच्या टेकडीला घाबरावे, यासारखा विनोद नाही.

शब्दसंपत्तीचेही तसेच. टेबल, तिकीट, स्टेशन, डॉक्टर, पेन, बँक, बिल असे शेकडो शब्द निरक्षर आजीच्या तोंडीही रुळले आहेत. नवशिक्या शून्यापासून आरंभ करीत नाही. पण सुटे शब्द घोकणे म्हणजे विटांचा ढीग रचणे. त्याने भिंत उभी राहत नाही. प्रत्येक नवा शब्द एका वाक्यासह शिकावा आणि त्याचे कुटुंब शोधावे. संस्कृतातील ‘कृ’ धातूपासून कार्य, कर्ता, कृती हे शब्द निघतात हे ज्याला समजते, त्याला ‘ॲक्ट’पासून ॲक्शन, ॲक्टर, ॲक्टिव्ह कसे निघतात ते वेगळे सांगावे लागत नाही. मातृ आणि मदर, भ्रातृ आणि ब्रदर, नाम आणि नेम, त्रि आणि थ्री ही साम्ये तर स्मरणाला मोठीच मदत करतात. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या नात्याकडे विद्वानांचे लक्ष वेधले, ते अशाच साम्यांवरून. अर्थात, म्हणून इंग्रजी संस्कृतातूनच जन्मली असे म्हणण्याचा मोह आवरावा. त्या एकाच प्राचीन कुळाच्या दूरच्या शाखा आहेत, असे तौलनिक भाषाशास्त्र सांगते. आणि खरा अभिमान अतिशयोक्तीच्या कुबड्या घेत नाही. देवाणघेवाण उलट दिशेनेही झाली आहे. इंग्रजीतील ‘मंगूस’ हा शब्द मराठीतल्या मुंगसापासूनच गेलेला आहे.

आता उच्चार. इथे नवशिक्याची सर्वांत जास्त टिंगल होते आणि इथेच त्याच्या परंपरेने त्याला सर्वांत मोठे साधन दिले आहे. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दन्त्य, ओष्ठ्य अशी मुखातील उच्चारस्थानांनुसार लावलेली वर्णमाला ज्या मुलाने गिरवली, त्याला जीभ कुठे टेकवायची हे सांगितलेले लगेच उमगते. ‘व्ही’ दन्तोष्ठ्य आहे : वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. ‘डब्ल्यू’च्या उच्चारात दात टेकत नाहीत, दोन्ही ओठ गोल होतात. ‘थिंक’मधला ‘थ’ आपल्या ‘थाळी’तला नव्हे, जिभेचे टोक दातांच्या मध्ये ठेवून हवा अखंड सोडायची. इंग्रजी ‘टी’ म्हणताना जीभ ‘ट’सारखी मागे वळत नाही, वरच्या हिरडीला लागते. लिहिताना भेद न दाखवता उच्चारात तो पाळण्याची सवयही मराठी माणसाला आहेच. ‘जीवन’ आणि ‘जाळे’ यांतील ‘ज’ वेगळे, ‘चिमणी’ आणि ‘चाक’ यांतील ‘च’ वेगळे. हे कोणत्या चिन्हाने कळते? कानाने कळते. इंग्रजीही प्रथम कानानेच शिकायची आहे.

इंग्रजीच्या स्पेलिंगवर विसंबून मात्र चालत नाही. कॅक्स्टनने १४७६ मध्ये इंग्लंडात पहिला छापखाना घातला; पुढे छपाईमुळे स्पेलिंग हळूहळू स्थिरावत गेले आणि उच्चार मात्र बदलत राहिले. ‘नाइफ’च्या आरंभीचा न उच्चारला जाणारा ‘के’ ही त्या जुन्या उच्चाराची खूण आहे. आणखी एक मर्म आघाताचे. मराठीत प्रत्येक अक्षर बहुधा स्वच्छ उमटते. इंग्रजीत एका अक्षरावर जोर पडतो आणि बाकीची फिकी होतात. ‘रेकॉर्ड’ नाम असेल तर जोर पहिल्या भागावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. वेदपठणात उदात्त-अनुदात्तांचा भेद शतकानुशतके जपला गेला. तिथे भेद स्वराच्या उंचीचा आहे, इथे जोराचा. तरी ज्या समाजाने तो जपला, त्याला ही गोष्ट अनाकलनीय वाटण्याचे कारण नाही. लंडनच्या माणसाची नक्कल करण्याचीही गरज नाही. समोरच्याला कळेल असा स्पष्ट आणि शुद्ध उच्चार पुरेसा आहे.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांतही पहिलीपासून इंग्रजी हा विषय आला. त्यापूर्वी तो पाचवीपासून असे. म्हणजे इंग्रजी शिकण्यासाठी मराठी शाळा सोडण्याचे कारण तेव्हाच संपले. उणीव राहिली ती शिकविण्याच्या पद्धतीत. कविता पाठ होतात, प्रश्नोत्तरे उतरवून घेतली जातात, पण मुलाला स्वतःचे एक वाक्य बोलण्याची संधी क्वचित मिळते. ही उणीव पालकांनी माध्यम बदलून भरून निघत नाही. ती शाळेच्या आणि समाजाच्या प्रयत्नानेच निघेल. यंत्रे क्षणात भाषांतर करून देतात, मग शिकायचे कशाला, असे कोणी विचारील. मुलाखतीच्या खुर्चीत आणि परगावच्या रुग्णालयात माणसाला स्वतःच्याच तोंडाने बोलावे लागते, हे त्याचे उत्तर. त्याच यंत्रावर शब्दाचा उच्चार मात्र फुकट ऐकता येतो. तर्खडकर गिरविणाऱ्यांना ही सोय नव्हती.

गावोगावी वाचनालये आहेत, मंदिरांची सभागृहे आहेत, सायंकाळी रिकाम्या असणाऱ्या शाळा आहेत आणि निवृत्त शिक्षकही आहेत. रोज एक तास, दहा-बारा जणांचा वर्ग, दिवसाला पाच वाक्ये आणि चुकणाऱ्याला कोणी हसायचे नाही एवढा एकच नियम, इतक्या भांडवलावर हे काम उभे राहते. अशा वर्गात तरुणांच्या शेजारी त्यांच्या आयांनीही बसावे. आई मुलाबरोबर शिकू लागली की घरातील भीती जाते. आणि घरात जेवणाच्या ताटावरची भाषा मराठीच राहावी, याची काळजीही तीच घेऊ शकते.

कारण पणाला लागले आहे ते केवळ नोकरीचे पत्र नव्हे. केंद्र सरकारने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. पण नातवाला आजीची भाषा वाचता आली नाही, तर तो दर्जा भिंतीवर टांगलेल्या मानपत्रासारखा राहील. आणि मराठी शाळेत शिकलेला तरुण मुलाखतीच्या दारातून खाली मान घालून परतत राहिला, तर त्याच्या मुलांना मराठी शाळेत पाठविण्याचे धैर्य कोणत्याही भाषणाने येणार नाही. मराठी शाळेतून आलेल्या त्या मुलाने ताठ मानेने, साध्या आणि शुद्ध इंग्रजीत आपली ओळख सांगावी आणि घरी आल्यावर मुलाखतीचा वृत्तांत आजीला मराठीत ऐकवावा. मराठी शाळेची बाजू त्याहून प्रभावीपणे कोणीच मांडू शकणार नाही.