निकाल कळला पाहिजे

न्यायदान सुधारायचे म्हटले की न्यायाधीश वाढवा, इमारती बांधा, संगणक आणा, असे सुचवले जाते. ते रास्तच आहे. अंतरही कमी झाले. 1981 साली औरंगाबादला (आजचे छत्रपती संभाजीनगर) उच्च न्यायालयाचे खंडपीठ आले नसते, तर मराठवाड्याला मुंबईच गाठावी लागली असती. पण तलवाड्याचा शेतकरी बांधाच्या भांडणापायी गेवराईच्या कोर्टात जातो, तेव्हा खरी अडचण कागदाची असते.

निजामाच्या अमलात कोर्टाचा कारभार उर्दूत चाले. उर्दू गेली आणि तिच्या जागी इंग्रजी येऊन बसली. 1998 साली शासनाने जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरवली, तरी इंग्रजी निकाल घेऊन ‘जिंकलो का हरलो?’ असे विचारणारे आजही भेटतात. कॉलेजचे पोर म्हणून तो कागद आमच्यापुढे सरकवतात. बी.ए.ला इंग्रजी असूनही ‘डिक्री’पुढे आमची मजल जात नाही, हे वेगळेच!

उच्च न्यायालयाची इंग्रजी राज्यघटनेच्या तरतुदीने आलेली आहे. तालुक्याच्या कोर्टाला ती सबब नाही. दिवाणी दाव्यात जिल्हा न्यायालयात अपील करायला 30 दिवस मिळतात. निकालच कळला नाही, तर ते दिवस कोणाच्या कामाचे? म्हणून निकाल इंग्रजीत असेल, तेव्हा त्यासोबत अर्ध्या पानाचा मराठी गोषवारा फुकट द्यावा: कोणाला काय मिळाले, काय द्यायचे, अपिलाची मुदत कधी संपते. ज्याला वाचता येत नाही, त्याला तो कोर्टातच वाचून दाखवावा.